उतरलेलं वजन टिकवायचं कसं? आबिड्सच्या चौकातून मांडलेला हिशोब

नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, निझामाबाद, आदिलाबाद, कुठूनही हैदराबादला आलेला मराठी माणूस आबिड्सला एक चक्कर मारतोच. कुणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असतो, कुणाला चष्मा करायचा असतो, कुणी रविवारी फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायला येतो. तिथं ओळखीचं कुणी भेटलं की पहिला शेरा तब्येतीवर. ‘‘अहो, किती बारीक झालात!’’ माणूस खूश होतो. वर्षा-दोन वर्षांनी तोच माणूस त्याच चौकात भेटतो आणि शेरा बदललेला असतो. ‘‘परत भरलात की हो!’’

या दोन शेऱ्यांच्या मधल्या काळाबद्दल फार कमी बोललं जातं. वजन उतरवायचे उपाय मोबाइलवर रोज दहा येतात. उतरलेलं वजन टिकवायचं कसं, हे विचारलं तर बहुतेक जण ‘मनाचा निर्धार पाहिजे’ एवढंच सांगतात. खरी गोष्ट तेवढी सोपी नाही, आणि सगळा दोष त्या माणसाचाही नाही.

दोन वेगळी कामं

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वजन उतरवणं हा भांडवली खर्च आहे. एकदा कंबर कसायची, तीन-चार महिने सोसायचं, काम झालं. वजन टिकवणं हा चालू खर्च आहे, दुकानाच्या भाड्यासारखा. महिना संपला की पुन्हा द्यायचा. गडबड होते ती इथेच. काट्यावर ठरवलेला आकडा दिसला की माणसाला वाटतं, हप्ते फिटले. भाडं सुरूच असतं हे तो विसरतो.

किती जण टिकवतात? अमेरिकेतल्या रेना विंग आणि सुझान फेलन या संशोधक महिलांनी २००५ मध्ये या विषयावरच्या माहितीचा आढावा घेतला. मुद्दाम दहा टक्के वजन उतरवून ते किमान एक वर्ष टिकवणारे साधारण पाचात एक निघतात, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे टिकवणारे आहेत, पण थोडे आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातल्या ३०.१ टक्के स्त्रिया आणि ३२.३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. महाराष्ट्राचे आकडे २३.४ आणि २४.७ टक्के. बरं, भारतीय माणसाचं वजन नुसत्या काट्यावर कळतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ च्या वर स्थूलता धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत हवी, हा दुसरा मापदंड. शिंप्याची टेप घरोघरी असते, ती बेंबीच्या आसपास महिन्यातून एकदा फिरवायला काही हरकत नाही.

शरीर परत का मागतं

पूर्वी दुष्काळ यायचे. पोटाला चिमटा बसला की शरीर दोन गोष्टी करायचं, खर्च कमी आणि भूक जास्त. आपण डाएट करतो तेव्हा शरीराला ते डाएट आहे हे कळत नाही. त्याला दुष्काळच वाटतो.

यावर मोजमाप झालेलं आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवलं आणि वजन उतरल्यावर त्यांच्या भुकेशी संबंधित संप्रेरकांची नोंद ठेवली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की वर्ष उलटलं तरी ती संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. भूक वाढलेलीच होती. २०१६ मध्ये केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी काढलेला हिशोब तर दुकानदाराला लगेच कळेल असा आहे. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २०-३० कॅलरींनी कमी होतो, आणि भूक मात्र रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरवले तर रोज सुमारे ५०० कॅलरींची जादा भूक पाठीशी लागते.

याच हॉल यांनी अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी पुन्हा तपासले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. ज्यांनी जास्त टिकवलं ते रोजच्या हालचालीत पुढे होते.

तेव्हा वजन परत आलं म्हणून माणूस आळशी किंवा खादाड ठरत नाही. घरच्यांनी जेवताना टोमणे मारणं तर अगदी बंद करावं. टोमण्याने वजन उतरल्याचं ऐकिवात नाही. चोरून खाणं मात्र वाढतं.

आणि वर आबिड्स

भूक आतून वाढलेली आणि बाहेर आबिड्स. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिड या आर्मेनियन ज्यू गृहस्थाने इथं दुकान घातलं, त्यावरून हे नाव पडलं. तेव्हापासून हा भाग दुकानांचाच. इथला नोकरदार, सेल्समन, कॅशियर, गल्ल्यावर बसलेला मालक यांचा दिवस पाहिला की वजन कसं चढतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. सेल्समन दिवसभर उभा असतो, पण चालत नाही. मालक दिवसभर बसलेला. चहावाला पोऱ्या दोन तासांनी फिरतो. गिऱ्हाईक मोठं असलं की त्याच्यासोबत एक कप घ्यावाच लागतो, नाही म्हणणं बरं दिसत नाही. दुकानं रात्री उशिरा बंद होतात, मग जेवण उशिरा, झोप उशिरा. कमी झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोडावर आणि तळलेल्यावर मन जातं, हेही संशोधनात दिसलेलं आहे.

पाय उचलला की ताजमहाल हॉटेलचा इडली-वडा, ग्रँड हॉटेलची बिर्याणी, पुल्ला रेड्डींची मिठाई. जीपीओपासून मोझमजाही मार्केट चालत दहा मिनिटांवर. तिथं आईस्क्रीम, कराची बेकरीची फ्रूट बिस्किटं आणि रात्री लोण्यात न्हालेला डोसा. यातलं काहीच वाईट नाही. गावाकडून वर्षात दोनदा येणाऱ्याने खावं आणि सुखाने परत जावं. जो रोज याच रस्त्यावर असतो त्याला मात्र नियम लागतो. रोज नव्याने मनाशी भांडायचं म्हटलं तर महिन्याभरात माणूस हरतो. त्यापेक्षा ‘बाहेरचं शनिवारी, एक वेळ’ असं एकदाच ठरवून टाकलेलं बरं. उरलेले सहा दिवस प्रश्नच निघत नाही. चहाचंही तसंच. दिवसाला दोन कप साखरेचे, तिसरा बिनसाखरेचा, हे पोऱ्यालाच सांगून ठेवायचं. आठ दिवसांत तो न विचारता आणतो.

साखरेचा हिशोब करून बघा. चार कप चहा, कपात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. मध्यम बांध्याच्या माणसाच्या पाऊण तासाच्या चालण्यातलं बरंचसं नुसत्या चहातच परत येतं.

लातूरचे दोन जेवण

मराठी मुलखात वजनाचा विषय घरोघरी पोचवला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर त्यांनी आपली पद्धत उभी केली. खरी भूक लागते अशा दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं, की घरचं, हंगामी, आपल्या भागात पिकणारं खा आणि फार वेळ उपाशी राहू नका. दोन वेळा की थोडं थोडं, यावर मराठी घरांत आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर जे वाद झाले ते निवडणुकीला मागे टाकतील असे होते.

टिकवण्याच्या बाजूने पाहिलं तर मात्र हा वाद दुय्यम ठरतो. दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेली माणसं आहेत आणि दोन्ही सोडल्यावर परत भरलेली माणसंही आहेत. ज्या पद्धतीने उतरवलं तीच, थोडी सैल करून का होईना, पुढची दहा वर्षं जगता येईल का, हा खरा प्रश्न. आबिड्सच्या दुकानदाराला दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ या दोन वेळा सहज जमतात, कारण मधे त्याला उसंतच नसते. पहाटे पाचला उठून डबे करणाऱ्या त्याच्या बायकोला कदाचित तीन वेळा लागतील. घरात एकच पद्धत सगळ्यांवर लादली की ती आधी बाईची मोडते, कारण उरलेलं अन्न संपवायचं काम तिच्याकडेच असतं.

एक गोष्ट मात्र पक्की. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असताना डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, ते जिवावर बेतू शकतं.

टिकवणारे काय करतात

याच विंग बाईंनी जेम्स हिल यांच्यासोबत १९९४ मध्ये अमेरिकेत एक नोंदवही सुरू केली. किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच त्यात नाव नोंदवता येतं. हजारोंनी नोंदवलं. उतरवण्याच्या त्यांच्या पद्धती शंभर प्रकारच्या होत्या, टिकवण्याच्या सवयी मात्र एकमेकींशी जुळणाऱ्या. तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. ७८ टक्के रोज न्याहारी करतात. टीव्हीपुढे कमी बसतात. आणि ९० टक्के रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेकांचा व्यायाम म्हणजे चालणं. (न्याहारीचा आकडा वाचून दोन वेळावाल्यांनी रागावू नये. ही त्या लोकांची सवय आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे.)

नंतर विंग यांनी ३१४ जणांवर प्रयोग केला. सरासरी १९ किलो उतरवलेली ही माणसं. त्यांना रोज वजन करायला आणि सिग्नलचे तीन रंग डोक्यात ठेवायला शिकवलं. ठरलेल्या आकड्यापासून दीड किलोच्या आत असलं तर हिरवा, चालू द्या. त्याहून थोडं वर गेलं तर पिवळा, काय बदललं ते शोधा. सव्वादोन किलोंच्या वर गेलं की लाल, त्या दिवसापासून पुन्हा उतरवण्याचे नियम सुरू. दीड वर्षाने पाहिलं तर ज्यांना नुसती पत्रकं पाठवली होती त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांचं वजन सव्वादोन किलो किंवा जास्त परत आलं होतं. समोरासमोर बसवून सिग्नल शिकवलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. २००६ साली हे प्रसिद्ध झालं.

यात रोजमेळाचीच गोष्ट आहे. गल्ला रोज मोजणाऱ्याला पन्नास रुपयांची तूट त्याच रात्री सापडते. वर्षाअखेरीस मोजणाऱ्याला तूट सापडते, पण कारण सापडत नाही. वजनाचंही असंच. दोन किलो आठ दिवस-पंधरा दिवसांत परत उतरतात, बारा किलोंसाठी पुन्हा पहिल्यापासून लढाई. काट्याची भीती वाटणाऱ्याने आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, चहाच्या आधी उभं राहावं आणि आकडा कॅलेंडरवर लिहावा. आदल्या दिवशी लोणचं-पापड जास्त झालं तर पाणी धरून आकडा किलोभर वर दिसतो, तेवढ्याने घाबरायचं नाही.

धीर देणारी गोष्ट अशी, की दोन ते पाच वर्षं टिकवलं तर पुढे टिकण्याची शक्यता बरीच वाढते, असं त्या नोंदवहीत दिसून आलं. पहिली दोन वर्षं जड जातात.

तेलाचा डबा

या विषयातली देशातली मोठी संस्था हैदराबादेतच आहे, हे सीमाभागातल्या अनेकांना माहीत नसतं. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. मे २०२४ मध्ये तिने भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला २००० कॅलरींची थाळी धरली तर त्यात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, धान्य २५०, डाळी-अंडी-मांस मिळून ८५, दाणे-तीळ असं ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम.

शेवटचा आकडा घरच्या यादीत बसवून पाहावा. चार मोठी माणसं, माणशी २७ ग्रॅम, ३० दिवस, म्हणजे महिन्याला सव्वातीन किलो, साधारण साडेतीन पिशव्या. तूप-लोणीही त्यातच. किराणा भरताना पाच लिटरचा डबा आणि वर तुपाची बरणी आली तर वजन कुठून येतंय हे शोधायला आहारतज्ज्ञ लागत नाही. तेलाचा चमचा मोजत बसण्यापेक्षा महिन्याला तेलच मोजून आणणं सोपं. संपलं की संपलं.

धान्याच्या बाबतीत मराठवाड्याकडच्यांचं बरं आहे. ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, अंबाडीची भाजी, हुलग्याचं माडगं हे सगळं या थाळीत चपखल बसतं. हैदराबादला दोन पिढ्या काढलेल्या घरांत भाकरी मागे पडली आणि दोन्ही वेळा पांढरा भात आला. भात सोडायची गरज नाही. भाताच्या जागी भाजी वाढवायची आणि वरण घट्ट करायचं, म्हणजे पोट भरतं.

सणांचं वेगळं. महालक्ष्म्यांच्या पुरणापासून सुरुवात होते, मग दसरा, दिवाळी, लग्नसराई, संक्रांत, आणि जानेवारी लागला की नामपल्लीची नुमाईश. अमेरिकेत १९५ जणांचं वजन त्यांच्या सणासुदीत मोजलं गेलं तेव्हा सरासरी वाढ फक्त ३७० ग्रॅम निघाली. क्षुल्लक वाटेल. पण ती वाढ पुढच्या वर्षभरात उतरली नाही. अशीच दरसाल साठत जाते. म्हणून पुरणपोळी खावी, सणाच्या दिवशी खावी, आणि डब्यात आठवडाभर पुरवून खाऊ नये. दिवाळीच्या फराळाचे डबे कार्तिकी एकादशीच्या आत रिकामे होतील एवढेच भरावेत.

चालायचं कुठे

वजन टिकवायला आठवड्याला २०० ते ३०० मिनिटं हालचाल लागते, असं अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेचं २००९ पासूनचं मत आहे. रोजची ३० ते ४५ मिनिटं. आबिड्समध्ये फुटपाथवर माल आणि रस्त्यावर गाड्या, चालायचं कुठे, अशी तक्रार असते आणि ती खोटी नाही. पण सकाळी सहा-सातला दुकानं उघडायच्या आधी हाच रस्ता मोकळा असतो. नामपल्लीची पब्लिक गार्डन जवळच आहे. जीपीओपासून मोझमजाही मार्केट, जांबाग, विवेकवर्धिनीवरून कोठी आणि सुलतान बाजार हा रस्ता दीड-दोन किलोमीटरचा. जाऊन-येऊन रोजचं काम भागतं. मेट्रोने येणाऱ्याने नामपल्लीला उतरून दुकानापर्यंत चालावं, रिक्षा करू नये. स्टेशनचे जिने आहेतच. रविवारी पुस्तकांच्या फुटपाथवर दोन तास फिरलं तर पायांना काम होतं आणि खिशालाही, पण पोटाला नाही.

चाळिशीनंतर नुसतं चालणं पुरत नाही. वजन उतरतं तेव्हा चरबीसोबत स्नायूही जातात. आठवड्यातून दोन-तीनदा जोर, बैठका, सूर्यनमस्कार, काहीही ताकदीचं करावं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हीसुद्धा बैठकच.

इंजेक्शनचं काय

भूक कमी करणारी इंजेक्शनं आता भारतातही मिळतात, टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड ही दोन्ही २०२५ मध्ये वजनासाठी बाजारात आली. वजन उतरतं यात शंका नाही. पण सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. तेव्हा ‘तीन महिने घेतो, लग्न झालं की बंद करतो’ हा हिशोब चुकीचा आहे. घ्यायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किती वर्षं घ्यायचं आणि महिन्याचा खर्च किती, हे आधी विचारून.

एक उलटी बाजूही सांगायला हवी. काहीही न करता दोन-तीन महिन्यांत वजन झपाट्याने उतरलं, सोबत खोकला, बारीक ताप, फार तहान किंवा रात्री वारंवार लघवीला उठणं असेल, तर ‘बारीक झालात’ म्हणून पेढे वाटू नयेत. क्षयरोग आणि मधुमेह दोन्ही असेच येतात. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि रक्तातली साखर पाहायला दहा मिनिटं लागतात. हैदराबादची गाडी धरायच्या आधी तेवढं आपल्या तालुक्यालाच करून घ्यावं.